अंटीफ्याट

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक बाटली मांडतात. निळ्या काचेची, चपटी, बुचावर लाख, आणि आत काळपट काहीतरी, जे बाटली हलवली तरी हलत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मला वाटलं, कुणीतरी काशीहून आणलेलं गंगाजल असेल, जुनं होऊन काळं पडलं असेल. मी भक्तिभावाने हळदीकुंकू वाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "गंगा ना ही?"

"गंगा कुठली आली?" सासूबाई म्हणाल्या. "अंटीफ्याट हाय ते. त्यानं हे घर उभं केलं, आता तुलाबी उभं करणार. बघ की आरशात. पंखा लावायची भीती वाटती मला, उडून जाशील म्हणून."

ती बाटली म्हणजे माझ्या यजमानांच्या आजोबांची, सिद्रामप्पांची कमाई. भवानी पेठेत त्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, सुंठ, ज्येष्ठमध असला माल. विलायतेत राणीचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. गिरणीतला कुणी साहेब मायदेशी निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, आरसे, कुत्र्याचा पाळणा अशा वस्तू लोकांनी नेल्या. मागे राहिली एक लाकडी पेटी, आत भुशात रचलेल्या निळ्या बाटल्या. बाटल्या छान आहेत, आतलं ओतून देऊ आणि मध भरू, असा विचार करून सिद्रामप्पांनी ती पेटी घेतली.

पण बाटलीवर कागद चिकटवलेला होता आणि कागदावर इंग्रजी. सिद्रामप्पांना मोडी येत होती, कन्नड येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. ते पोस्टातल्या कारकुनाकडे गेले. कारकुनाने वाचलं, "डॉक्टर हॉगबिन यांचं सुप्रसिद्ध अँटी-फॅट." या डॉक्टरांचं नाव आमच्या घरातली पोरं पुढे मुद्दाम चुकीचं उच्चारून मार खात, ते सोडा. सिद्रामप्पांनी विचारलं, "फ्याट म्हणजे काय, रावसाहेब?"

"चरबी."

"आणि अंटी?"

कारकून सांगणार इतक्यात टपालाची गाडी आली आणि तो पळाला. जाता जाता म्हणाला, "थांबा, येऊन सांगतो."

"नको, नको," सिद्रामप्पा म्हणाले. "ते मला कळलं."

कळणारच. आमच्या घरात कन्नड बोलतात. कन्नडात अंटु म्हणजे चिकटणं. खळ लावली की कागद भिंतीला अंटतैती. अंटी, म्हणजे चिकटून. अंटी फ्याट, म्हणजे चरबी अंगाला चिकटून राहील असं औषध. साहेबाच्या औषधाला कन्नड नाव कसं, असा प्रश्न त्यांना पडला होता म्हणे. पण साहेब लोक हुशार. माल कुठे खपवायचा ते बघूनच नाव ठेवत असतील.

तरी माणूस सावध. त्यांनी शेजारच्या रज्जाक अत्ताराला बाटली दाखवली. रज्जाकमियाँना उर्दू उत्तम येत होतं, आणि कागदावर दोन बायकांचं चित्र होतं. डावीकडे एक चांगली भरलेली बाई, उजवीकडे एक वाळकी. रज्जाकमियाँनी आयुष्यभर जे वाचलं ते उजवीकडून डावीकडे. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरली आणि सांगितलं, "सिद्रामप्पा, साफ लिहिलंय की. पैले ये सुकडी, औषध लेने के बाद ये गुबगुबीत."

झालं. एक भाषा चुकली असती तर दुसरीने सावरलं असतं. इथे दोन भाषांनी मिळून एकच साक्ष दिली.

तो काळच तसा होता. दुष्काळ पाहिलेली माणसं. बारीक होण्याचं औषध कुणी फुकट वाटलं असतं तरी सोलापुरात कुणी हात पुढे केला नसता. जाड होण्याचं औषध म्हटल्यावर दुकानापुढे रांग. लग्नाला आलेल्या मुलींचे बाप, गिरणीत खंगलेली पोरं, बाळंतिणी. सिद्रामप्पा प्रत्येकाला सांगत, एक चमचा औषध, वर पेलाभर दूध, दुधात तूप, दोन केळी आणि दुपारची झोप. अंटीफ्याटने सोलापुरात कुणी जाड झालं नाही, असं एक उदाहरण नाही.

पेटी संपली. शेवटची बाटली त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली आणि तिच्यापुढे बसून स्वतःचं अंटीफ्याट केलं. खारीक, डिंक, खसखस, मनुका, अश्वगंधा, गूळ आणि तूप. कागद मात्र तोच, छापखान्यात अक्षर न अक्षर उतरवून घेतलेला, डॉक्टर हॉगबिनसकट आणि त्या दोन बायकांसकट. खाली मराठीत एवढंच वाढवलं, "दूध, तूप, केळी व दुपारची निद्रा यांसह घ्यावे."

माझ्यावर त्या औषधाच्या तीन बाटल्या खर्ची पडल्या. लग्नातला हिरवा चुडा कोपरापर्यंत सरकत असे. तो मनगटातून निघेनासा झाला तेव्हा सासूबाईंनी औषध बंद केलं. कुटायची विद्या त्यांनी मला दिली, कारण त्यांचे हात थकले होते. आता ती येणारी या घरात मी एकटी. दुकान केव्हाच मोबाईलवाल्याला भाड्याने गेलं. मी वर्षाकाठी एकदा थंडीत खल काढते, घरापुरतं करते.

आता गुरप्पांकडे येते.

गुरप्पा माझे धाकटे दीर. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. अंगाने ऐसपैस, आवाजाने त्याहून. माझ्या यजमानांवर, सिद्धलिंगप्पांवर, त्यांचा भारी जीव. अण्णा म्हणजे देव. आमचे हे दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठीसोबत चालत. पांढरं धोतर, पांढरी बाराबंदी, डोक्याला फेटा, अंगावर उपरणं. बाराबंदी म्हणजे बारा बंदांनी आवळायचा पांढरा अंगरखा. आमच्या यजमानांची तरुणपणी शिवलेली बाराबंदी शेवटच्या यात्रेपर्यंत तीच होती. मागल्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले. जायच्या आधी गुरप्पांनी त्यांचा हात धरून सांगितलं, "अण्णा, तुझ्या जागी मी चालीन. तुझीच बाराबंदी घालून चालीन. तसं नाही जमलं तर गड्ड्याला पाय ठेवणार नाही."

गड्डा म्हणजे आमची यात्रा. सोलापूरचा माणूस गड्ड्याला पाय ठेवणार नाही म्हणाला, तर पुढे बोलायला काही उरत नाही.

यजमान गेले ते वर्ष तसंच गेलं. यंदा दसऱ्याला गुरप्पा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, काढा ती बाराबंदी. घालून बघतो."

मी ट्रंकेतून काढून दिली. त्यांनी अंगात घातली. हात गेले. पाठ गेली. पुढे मात्र दोन बाजू एकमेकींपासून इतक्या लांब राहिल्या की मध्ये गुरप्पा सगळे दिसत होते.

"शिंप्याकडून पट्टी लावून घ्या की," त्यांची बायको निंगव्वा म्हणाली. निंगव्वा माझी जाऊ, तिकडे अक्कलकोटच्या पलीकडची, तोंडाने चोख.

"अण्णाच्या बाराबंदीला कात्री लागणार नाही!" गुरप्पा गरजले. "बाराबंदी वाढणार नाही. मी कमी होणार. यण्णीमज्जनाच्या सकाळी बाराही बंद लागले पाहिजेत." यण्णीमज्जन हा काठ्या निघण्याचा पहिला दिवस, संक्रांतीच्या आदला.

"कसं कमी होणार? दिवसाला तीन वेळा उप्पीट खाऊन?"

तेव्हा त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली. "अंटीफ्याट," ते म्हणाले.

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"वहिनी, हसू नका. अँटी म्हणजे विरुद्ध. अँटी-फॅट, चरबीच्या विरुद्ध. पाचवीतल्या पोराला विचारा."

"पाचवीतल्या पोराला काय विचारायचं, भावजी? कुटते मी. खारीक आहे त्यात, डिंक आहे, गूळ आहे, तूप आहे. यातलं चरबीच्या विरुद्ध कोण आहे ते सांगा."

"इंग्रज मूर्ख होते का?"

माझी नात श्रीदेवी तिथेच मोबाईल घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, इंग्रजांच्या औषधात समुद्रातलं शेवाळ असायचं. हे बघा ना, इथे लिहिलंय. कुणी त्यात साबण घालायचं, कुणी सोमल घालायचं. त्या काळी तिकडे लठ्ठ लोकांना असलं काहीही विकायचे. पेपरात जाहिराती यायच्या. माणसं बारीक व्हायची, नाहीतर मरायची."

"ऐकलंत?" गुरप्पा विजयाने म्हणाले. "बारीक व्हायची."

"पण त्यातलं शेवाळ गेलं आणि खारीक आली की!" मी म्हणाले.

"द्रव्य बदललं, तत्त्व तेच. नाव बदललंय का? नाही ना? मग?" असं म्हणून ते माझ्यासमोर बसले. वर्गातल्या ढ मुलीला समजावतात तसा त्यांनी आवाज मऊ केला. "वहिनी, अण्णा म्हातारपणी माझ्याइतकाच जाड होता की नाही?"

"होते."

"आणि तरी शेवटच्या यात्रेत हीच बाराबंदी अंगात बसली की नाही?"

"बसली."

"बाराही बंद लागलेले मी या डोळ्यांनी बघितलेत. उपरणं पांघरलेलं होतं, पण गळ्याजवळचे बंद नीट दिसत होते, कंबरेची गाठ दिसत होती. आणि अण्णा रोज सकाळी चमचाभर काय घेत होता?"

"अंटीफ्याट."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं. पण ते गुरप्पांना सांगायचं नाही, असं मी यजमानांना वचन दिलेलं. माणूस गेला म्हणून वचन जात नाही. मी एवढंच म्हणाले, "भावजी, मी पुन्हा सांगते. याने माणूस फुगतो. मी फुगले. सगळी पेठ फुगली."

"करून द्या," गुरप्पा म्हणाले. "मी बघतो."

मी करून दिलं. न देऊन काय करणार होते? दिलं नसतं, तर देव्हाऱ्यातली बाटली फोडून डॉक्टर हॉगबिनचा सोमल प्यायले असते. तशी धमकी त्यांनी दिली होती. मी म्हटलं, निदान खारीक तरी पोटात जाऊ दे.

वाटलं होतं, दुधातुपाशिवाय घेतील, म्हणजे फारसं बिघडणार नाही. पण गुरप्पा पडले मास्तर. छापलेलं असेल तसंच करायचं. दुसऱ्या दिवसापासून एक चमचा औषध, पेलाभर दूध, दुधात तूप, दोन केळी आणि दुपारची झोप.

निंगव्वा माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावून बसली. "अक्का, साखर झाली तवा डॉक्टरनं पथ्य सांगितलं, पाळलं न्हाय. बीपी झालं तवा सांगितलं, पाळलं न्हाय. आता आयुष्यात पहिल्यांदा पथ्य पाळायलेत, आणि हे असलं पथ्य! केळी संपली तर मला बाजारला पळवतात. झोपायचा अलार्म लावतात. एन माडली, काय करू मी?"

"वजन काय म्हणतंय?"

"ते तुमच्या नातीला विचारा."

वजनाची तऱ्हा अशी. घरच्या काट्यावर गुरप्पांचा विश्वास नव्हता, तो चिनी होता. सात रस्त्याजवळ एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे लोखंड मोजायचा मोठा काटा आहे. गुरप्पा श्रीदेवीला स्कूटरवर घेऊन तिकडे जात, जुन्या कूलरच्या आणि फुटक्या टबांच्या मधून वाट काढत काट्यावर उभे राहत. पहिल्या खेपेला काटा जेवढा गेला, त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून पुढे गेला. भंगारवाला म्हणाला, "सर, लोखंड असता तर भाव चांगला आला असता."

श्रीदेवीला वाटलं, आता आजोबा सोडतील. घरी आल्यावर गुरप्पांनी आम्हां सगळ्यांना बसवून खडूशिवाय धडा घेतला. "चरबी अंगभर पसरलेली असते. औषध आधी ती गोळा करतं. गोळा झाली की वजन वाढल्यासारखं दिसतं. घर झाडताना केर मध्ये येतो की नाही? तेव्हा घर जास्त घाण दिसतं. मग केर एकदम बाहेर जातो."

"आणि तुमचा केर कधी बाहेर जाणार?" निंगव्वा म्हणाली.

"पुसाच्या सुमाराला."

दिवाळी आली. श्रीदेवीने लक्ष्मीपूजनाच्या बाटलीचा फोटो काढला आणि मोबाईलवर चढवला. खाली लिहिलं, 'आमच्या घरातलं राणीच्या काळचं वजन कमी करायचं औषध.' पोरीने कौतुकाने केलं, पण पाडव्याला सकाळी दार उघडलं तर ओट्यावर बायका. एक बँकेतली, एक ब्यूटी पार्लरवाली, दोघी मायलेकी करमाळ्याहून गाडी करून आलेल्या. मी प्रत्येकीला सांगितलं, बाई, हे जाड होण्याचं आहे. त्या म्हणत, आजी, असं कसं, यावर तर अँटी-फॅट लिहिलंय! मी कन्नड समजावायला लागले की त्या एकमेकींकडे बघत. करमाळ्याची आई लेकीला हळूच म्हणाली, "म्हातारीला द्यायचं न्हाय, म्हणून काहीबी सांगती."

गर्दी पांगली तरी एक मुलगी बसून राहिली. काळा ट्रॅकसूट, डोक्याला रुमाल. म्हणाली, "अम्मा, मैं शाइस्ता. सात रस्ते पे लेडीज जिम है मेरा. औषध नक्को मेरेकू. मेरेकू सिर्फ वो चित्र देखना है."

मी बाटली दाखवली. तिने चित्र बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली.

"हमारे परदादा रज्जाक अत्तार," ती म्हणाली. "घर में ये किस्सा सब को मालूम. परदादा जाते जाते बोले थे, मैं एक बार उल्टा पढ़ा, पन किसी का नुकसान नहीं हुआ."

"म्हणजे त्यांना कळलं होतं?"

"बाद में कळ्या, अम्मा. एक इंग्लिशवाला गिऱ्हाइक आया, वो समझाया. तब तक सिद्रामप्पा का धंदा इतना जोरात था, के बोलने का दिल नहीं हुआ." मग ती गुरप्पांकडे वळली. ते कोपऱ्यात पथ्याचं केळं सोलत होते. "सर, मेरे जिम में भी ऐसाच फोटो लगाई मैं. इधर जाड बाई, उधर बारीक. मेरी दादी देखने को आई, और बोली, बेटा, तू लोगां को मोटा करती क्या? सौ बरस हुए सर, हमारे घर में चित्र अब भी उधर सेच चालू होता."

श्रीदेवी हसून हसून आडवी झाली. मला वाटलं, आता तरी. अत्ताराच्या घरची साक्ष मिळाली.

गुरप्पांनी केळं खाऊन संपवलं. साल नीट घडी करून ठेवली. "तुमच्या दादींना इंग्रजी येत नाही, त्याला मी काय करू?" ते म्हणाले. "चित्र कुठूनही बघा. शब्द डावीकडूनच वाचायचा. अँटी म्हणजे विरुद्ध. आणि अण्णाची बाराबंदी बसत होती."

फिरून फिरून तिथेच येत. आणि तिथे आले की माझं तोंड बंद.

जाताना शाइस्ता मला दारात म्हणाली, "अम्मा, सर को बोलो मेरे यहाँ आके थोड़ा चलें तो. आदमी लोगां का टाइम नहीं है, पन इनके वास्ते करूँगी." मी निरोप दिला. गुरप्पा म्हणाले, पथ्यात चालणं लिहिलेलं नाही.

पूस आला. केर काही बाहेर गेला नाही. गुरप्पांची बोटातली अंगठी अडकली. सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात बसत तो कोपरा बसला. पण खरं सांगते, मला हसू येईनासं झालं होतं. एकदा दुपारी त्यांच्या घरी गेले, तर ते पथ्याप्रमाणे झोपले नव्हते. पलंगावर बसून पोटावर हात ठेवून खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर गल्लीतली पोरं बांबूला पताका बांधून काठी-काठी खेळत होती, "हर्र बोला हर्र" ओरडत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "अण्णाला मी आयुष्यात एकच शब्द दिला. बाकी सगळे शब्द नुसते शिकवले."

"साध्या सदऱ्यावर चाला, भावजी. हे काही रागावणार नाहीत."

"तो नाही रागावणार. पण मी त्याला ते म्हणालो ना."

घरी आले आणि यजमानांच्या तसबिरीपुढे बराच वेळ उभी राहिले. त्यांना म्हटलं, तुम्ही मला भलत्या गोष्टीत अडकवून गेलात.

यण्णीमज्जनाच्या दिवशी उजाडताच गुरप्पा आले. अंघोळ केलेली, कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, नवं धोतर. मागे निंगव्वा. अण्णाच्या तसबिरीसमोरच बाराबंदी घालायची असं त्यांनी ठरवलेलं. श्रीदेवी फेटा धरून उभी. मी बाराबंदी काढली. कडक इस्त्रीची, कापराच्या वासाची.

गुरप्पांनी हात घातले. श्वास आत ओढला. चेहरा लाल झाला. निंगव्वा एका बाजूने, श्रीदेवी दुसऱ्या बाजूने, दोघींनी बंद ओढले. गळ्याजवळचे लागले. त्याच्या खाली बंदांची टोकं एकमेकांकडे बघत राहिली. दसऱ्याला जेवढं अंतर होतं, त्याहून वीतभर जास्त.

"अजून ओढ," गुरप्पा दात आवळून म्हणाले.

"आजोबा, फाटेल."

गुरप्पांनी श्वास सोडला. सोडल्यावर गळ्याजवळचे लागलेले होते तेही सुटले. ते ट्रंकेवर बसले. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर एकदम लहान दिसला. फेट्याकडे बघितलंही नाही.

"अण्णाला कशी बसायची?" ते म्हणाले. मला नाही, तसबिरीला विचारत होते. "त्याला कशी बसायची?"

लांबून बाळीवेशीकडचा हलगीचा आवाज यायला लागला होता.

मी निंगव्वाला म्हणाले, "तू आणि श्रीदेवी जरा ओट्यावर थांबा. दार ओढून घ्या."

दोघी गेल्या. मी गुरप्पांना ट्रंकेवरून उठवलं आणि तळातून एक रुमालात बांधलेली गुंडाळी काढली. सोडली. आत जांभळ्या रंगाच्या लांब पट्ट्या होत्या, एका बाजूला लाल काठ. मधेमधे घडीवर पांढुरक्या, घामाने कडक झालेल्या.

"हे काय?" गुरप्पांनी विचारलं.

"माझी लग्नातली इरकल. जीर्ण झाल्यावर फाडली. हात वर करा."

त्यांनी वर्गातल्या मुलासारखे हात वर केले. मी बाराबंदीच्या एका बंदाला पट्टीचं एक टोक बांधलं, मधलं अंतर पार केलं, आणि दुसरं टोक समोरच्या बंदाला. मग पुढचा बंद. हाताला सवय होती. दरवर्षी या दिवशी, याच खोलीत, दार ओढून मी हेच करत असे. गळ्याजवळ आणि कंबरेला बंदांच्या जागी पांढरी नाडी बांधायची, म्हणजे उपरण्याच्या बाहेर जेवढं दिसतं तेवढं पांढरंच दिसायचं. मधलं सगळं माझ्या लुगड्याचं.

गुरप्पा खाली वाकून बघत होते. वाकून दिसत नव्हतं, तरी बघत होते.

"वहिनी... अण्णा?"

"तुमची पोरं शाळेत जायला लागली तेव्हापासून. तेव्हाच बंद लागायचे थांबले. मला म्हणाले, गुऱ्याला सांगू नकोस, गुऱ्याला वाटतं माझं काही कधी सुटत नाही."

मी कंबरेची गाठ मारली.

"आणि अंटीफ्याट?" त्यांनी शेवटी विचारलं.

"गोड लागायचं त्यांना. दुसरं काय?"

गुरप्पांनी तोंड फिरवलं. मला वाटलं रडू आलं. तर हसू होतं. आधी आवाज नसलेलं, मग खोकल्यासारखं, मग असं मोठं की सगळ्या गाठी ताणल्या आणि मी दोन्ही हातांनी त्या धरून ओरडले, "हसू नका! हसू नका, भावजी, सुटतील!"

"अण्णाही हसायचा का?"

"ते श्वास धरून उभे राहायचे. तुमच्यासारखे नव्हते."

त्यांनी डोळे पुसले. एकाच वर्गातली दोन पोरं एकमेकांकडे बघतात तसं तसबिरीकडे बघितलं. मग म्हणाले, "वाटेत सुटणार नाही ना?"

मी गाठी एकदा ओढून बघितल्या. "अंटितु," मी म्हणाले. चिकटलं.

उपरणं घातलं, फेटा चढवला. दार उघडलं तशी निंगव्वा आत आली, नवऱ्याभोवती एक फेरी मारली आणि उभीच राहिली. श्रीदेवी म्हणाली, "आजोबा! बसली?"

"बसली," गुरप्पा म्हणाले.

दुपारी आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. काठ्या आल्या. उंच, फुलांनी मढलेल्या, वरच्या घुंगरांचा आवाज करत, आणि पांढऱ्या माणसांचा तो पूर. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" त्यात गुरप्पा. छाती पुढे, पावलं मोजून, यजमान चालायचे तसेच. वाऱ्याने उपरणं जरा उचललं आणि आत लाल काठ लखकन दिसला. निंगव्वाने माझा हात दाबला. तिला कळलं होतं. काठ कुणाचा आहे हे जावेला कळायला किती वेळ लागतो?

गर्दीतून शाइस्ता पुढे आली, मागे तिच्या जिममधल्या बायका. ती चाट पडली. मोठ्याने ओरडली, "सर! बाराबंदी बसली! कैसे?"

गुरप्पांनी चालता चालता मान वळवली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग पोटावर थाप मारली, जराशी, गाठींना धक्का लागणार नाही एवढीच, आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "अंटीफ्याट!"

कुठल्या भाषेतलं, ते सांगायला थांबले नाहीत.